पिठोरीची विलायती तसबीर

माझ्याकडे बघून तुम्हांला फारसं काही वाटणार नाही, मित्रांनो. मी एक जुनी तसबीर आहे. माझ्यात रंग नाहीत. चौकटीचा सोनेरी मुलामा केव्हाच उडाला. काचेला एका कोपऱ्यात चीर आहे आणि खालच्या बाजूला पाण्याचा एवढा मोठा डाग पडला आहे, की चित्रातल्या बायका चिखलात उभ्या आहेत असंच कुणालाही वाटावं. वाण्याच्या कॅलेंडरावरच्या लक्ष्मीकडे लोक माझ्यापेक्षा जास्त वेळ बघतात. त्याचं मला आता वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि तीच आज तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म मुंबईचा नव्हे. तो झाला फार लांब, रोम शहरात, एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात. एका कारागिराने तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेतला, त्यावर मेणाचा पातळ थर दिला आणि बारीक सुईने त्या मेणावर चित्र काढलं. मग पत्रा तेजाबात बुडवला. जिथे सुईने मेण खरवडलं होतं तिथे तेजाबाने तांबं खाल्लं. त्या खाचांमध्ये काळी शाई भरून वर ओला कागद ठेवला आणि जड रुळांखालून दाबून काढला. तो कागद म्हणजे मी. माझ्यासारखी आणखीही भावंडं त्या कारखान्यात तयार झाली. कुणाच्या अंगावर मद्याच्या देवाची मिरवणूक होती, कुणाच्या अंगावर बैल सजवून नेणारे पुजारी. सगळे हजारो वर्षांपूर्वीचे, बंद पडलेले सण.

माझ्या वाट्याला आला बायकांचा सण. फार जुन्या काळी रोममध्ये मातूता नावाची एक देवी होती. लोक तिला माता मातूता म्हणत. वर्षातून एकदा बायका मुलांना कडेवर घेऊन तिच्या देवळात जात. मुलं कुणाची, तर स्वतःची नव्हे. बहिणीची! देवीपुढे उभं राहून मागणं मागायचं तेही बहिणीच्या मुलांसाठीच. मावश्यांचा सण म्हणा ना. नैवेद्याला मातीच्या भांड्यात भाजलेले गोड रोट असत. त्या सणाची आणखी एक रीत होती, ती सांगायला मला आवडत नाही. त्या देवळात दासींना मज्जाव होता, आणि तो सगळ्यांना कळावा म्हणून एका दासीला मुद्दाम आत आणून चापट्या मारून बाहेर घालवत. माझ्या कारागिराने तीही चितारली. उजव्या हाताला, देवळाच्या पायरीवर, तोंडावर हात धरलेली.

हे सारं माझ्या पायाशी चार ओळींत छापलेलं होतं. पण चौकटीत बसवताना एका सुताराला कागद जरा लांब वाटला, आणि त्याने त्या ओळी कापून टाकल्या. तेव्हापासून मी कोण आणि माझ्यातल्या बायका कुणाची मुलं घेऊन उभ्या आहेत, हे माझ्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही. तसबिरीला तोंड नसतं, मित्रांनो. असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

एका इंग्रज साहेबाच्या सामानातून मी मुंबईला आले. भायखळ्याच्या त्याच्या बंगल्यात राहिले. साहेब मायदेशी परतताना बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला आणि ठाकूरद्वारच्या कमलाकांत नावाच्या एका प्रभू गृहस्थांनी मला उचललं. जुन्या मुंबईकर घराण्यातली ही माणसं, विलायती सामानाची त्यांना भारी हौस. झुंबरं, लंबकाची घड्याळं, वळणदार पायांच्या खुर्च्या आणि त्यांच्यामध्ये मी. पाहुणे आले की कमलाकांत छडीने माझ्याकडे दाखवून सांगत, "ओरिजिनल रोमन! विलायतेतली जत्रा आहे ही." पाहुणे मान डोलावत. त्या दिवसांत माझ्या काचेवर रोज फडकं फिरे. माझाही तोरा काही कमी नव्हता.

कमलाकांत गेले आणि माझे दिवस फिरले. त्यांचे चिरंजीव मनमोहन सरकारी कचेरीत मोठे कारकून होते. स्वभावाने भित्रे, नीटनेटके. दिवाणखान्यात रेडिओ आला, त्याच्या वर थोरामोठ्यांचे फोटो आले आणि माझी रवानगी देवघराबाहेरच्या बोळात झाली. अंधारा, ओलसर बोळ. तिथेच एका बाजूला वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि कोनाड्यात वातींचा कापूस असे. ते सामान कालिंदीचं.

कालिंदी ही मनमोहनांची थोरली मेहुणी. लग्न होऊन वर्ष उलटायच्या आत कपाळ पांढरं झालेली. तिची धाकटी बहीण वासंती या घरात सून म्हणून आली आणि पहिल्याच बाळंतपणात तापाने गेली. मागे राहिलेलं बाळ कोण सांभाळणार, म्हणून कालिंदीला बोलावून घेतलं. ते बाळ म्हणजे शरदचंद्र. तिने त्याला गाईचं दूध बोंडल्याने पाजलं, गोवर निघाला तेव्हा त्याच्या उशाशी बसून राहिली, त्याला गॅलरीतून खाली वाकू दिलं नाही आणि शाळेत पोचवायला स्वतः गेली. पोरगं 'मावशी, मावशी' करत तिच्या पदराला धरून फिरे. दुसऱ्या कुणाकडून तो घास भरवून घेत नसे.

शरद जरा मोठा झाल्यावर मनमोहनांनी दुसरं लग्न केलं. सुनंदा आली. सावत्र आई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं, तशी ती अजिबात नव्हती. गरीब, अबोल बाई. तिच्या पोटी मूल झालं नाही. कालिंदीला ती ताई म्हणे आणि तिला विचारल्याशिवाय भाजीत मीठही घालत नसे. पण वर्षातला एक दिवस असा होता, की त्या दिवशी सुनंदा आत असे आणि कालिंदी बाहेर. तो दिवस पिठोरी अमावास्येचा.

पिठोरी म्हणजे श्रावणातली अमावास्या. त्या दिवशी चौसष्ट योगिनींचा छापील कागद भिंतीला लावून आया त्याची पूजा करतात, मुलांना आयुष्य मागतात. पूजा झाली की आई पाटावर बसते, खीरपुरीचं वाण डोक्यावर धरते आणि मागे न बघता विचारते, "अतीत कोण?" अतीत म्हणजे दारी आलेला पाहुणा. मूल पाठीमागून "मी" म्हणतं, आपलं नाव सांगतं आणि ते वाण उचलून घेतं. एवढंच. पण आई जिवाचा कान करून त्या "मी"ची वाट बघत असते.

या घरात वाण सुनंदा काढी, कारण कागदोपत्री आई ती. विधवेने पिठोरी करायची नसते आणि मावशीने तर नाहीच. खीर कालिंदी आटवी, पुऱ्या कालिंदी तळी, शरदला न्हाऊ कालिंदी घाली. मग त्याला देवघरात सोडून ती बोळात माझ्यासमोर उभी राही. आतून सुनंदाचा आवाज येई, "अतीत कोण?" शरद खणखणीत आवाजात सांगे, "मी! शरदचंद्र!" आणि बोळात कालिंदी पदराने डोळे पुसे. एकदा सुनंदा म्हणाली होती, "ताई, पुढच्या वर्षी तुम्हीच बसा पाटावर." कालिंदीने तिच्या तोंडावर हात ठेवला होता. "असं बोलू नये. पोराला काही झालं म्हणजे?"

बोळात उभं राहून राहून तिची माझ्याशी ओळख झाली. एके वर्षी तिने पदराने माझी काच पुसली आणि बराच वेळ निरखून बघत राहिली. मग हाक मारली, "सुनंदा, अगं इकडे ये. ह्या बायका बघ. सगळ्यांच्या कडेवर पोरं आहेत. ह्या योगिनीच असणार, नाहीतर कोण?"

"विलायती आहे ते चित्र, ताई."

"असेल. योगिनी काय फक्त ठाकूरद्वारातच असतात?" मग तिचं बोट पायरीवरच्या त्या दासीपाशी थांबलं. "हिच्या एकटीच्या कडेवर कुणी नाही. म्हणून बाहेर घालवतायत वाटतं बिचारीला."

मित्रांनो, तिची चूक झाली होती आणि तरीही ती सत्याच्या इतकी जवळ आली होती, की माझी काच थरथरली असेल. मला ओरडून सांगायचं होतं, "कालिंदी, अगं ही मुलं त्यांची नाहीत! बहिणींची आहेत! हा तुझाच सण आहे!" पण मी कागद. तिने मला एक जास्वंदीचं फूल वाहिलं आणि ती वाती वळायला बसली. पुढे दर पिठोरीला ते फूल ठरलेलं.

शरद कॉलेजात जायला लागला आणि घराची हवा बदलली. एकोणीसशे पंचावन्न-छप्पनचे ते दिवस. मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही यावरून सगळं शहर पेटलं होतं. रस्त्यावर मोर्चे, भिंतीवर घोषणा, गिरगावात अश्रुधूर आणि गोळ्या. कर्फ्यू लागला की आमच्या वाडीत चिटपाखरू दिसत नसे. बाहेर आवाज झाला की कालिंदी बोळातून धावत गॅलरीत जाई आणि शरद घरात आहे ना हे बघून परत येई. एके दिवशी तो घरात नव्हता. सत्याग्रहींच्या तुकडीत सामील होऊन त्याने स्वतःला अटक करून घेतली होती.

काही आठवड्यांनी तो सुटून आला. दाढी वाढलेली, आवाज बसलेला, पण डोळे असे चमकत होते, की मला बोळातूनही दिसले. मनमोहन त्याची वाटच बघत होते.

"तुरुंगात जायला तुला बरा मुहूर्त सापडला. साहेबाने आज मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुमचाच मुलगा ना? काय उत्तर देऊ मी?"

"हो म्हणायचं, बाबा."

"आणि नोकरी? पेन्शन? हे घर कशावर चालतं रे?"

"लोकांची पोरं गोळ्या खातायत आणि तुम्हांला पेन्शन सुचतं!"

शब्दाने शब्द वाढला. मनमोहन सहसा आवाज चढवत नसत, त्या दिवशी मात्र त्यांचा तोल गेला. "हे धंदे करायचे असतील तर या घरात पाऊल टाकायचं नाही!" शरदने पिशवी उचलली. कालिंदी मध्ये पडली, "भावोजी, असं नका करू. लहान आहे तो." मनमोहनांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "तुम्ही यात बोलू नका, ताई. हा माझा मुलगा आहे." ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली. शरद बोळातूनच बाहेर गेला. "मावशी, येतो गं," म्हणाला. वरळीला बीडीडी चाळीत त्याचा कॉलेजातला दोस्त जगदीश राहत होता, त्याच्याकडे त्याने बिऱ्हाड टाकलं.

श्रावण आला. अमावास्येच्या आदल्या दिवशी सुनंदा रडतच बोळात आली. "ताई, हे म्हणतायत, यंदा पिठोरी करायची नाही. मुलगाच नाही तर वाण कुणाचं? कागदसुद्धा आणू दिला नाही."

कालिंदीच्या हातातला कापूस खाली पडला. "वाण नाही म्हणजे? अगं, पोर रोज पोलिसांच्या पुढे उभं राहतंय. आणि नेमकं ह्याच वर्षी त्याचं आयुष्य मागायचं नाही?"

"मी काय करू? मला नाही हो धीर होत."

"तुला कोण म्हणतंय? तू फक्त खिरीला दूध काढून ठेव."

पिठोरीचा कागद ठाकूरद्वारच्या बाजारात कुठल्याही दुकानात मिळाला असता. पण पांढऱ्या कपाळाच्या बाईने तो मागितला असता तर दुकानदारासकट सगळ्यांनी विचारलं असतं, कुणासाठी? ती चव्हाट्यावरची चर्चा कालिंदीला नको होती. दुसऱ्या दिवशी मनमोहन कचेरीत गेल्यावर तिने मला खिळ्यावरून काढलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं, एका हातात खीरपुरीचा डबा घेतला आणि बसने वरळीला निघाली. त्या घरात आल्यापासून ती एकटी कधी गिरगावाबाहेर गेली नव्हती.

जगदीशची खोली माणसांनी भरलेली होती. दुसऱ्या दिवशीच्या मोर्च्यासाठी पाच-सहा तरुण पोरं पुठ्ठ्यावर घोषणा रंगवत होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली जगदीशची आई सुंदराबाई तांदूळ निवडत बसली होती. शरद वाळला होता, बोटं रंगाने माखलेली. कालिंदीला दारात बघून तो चपापला.

"मावशी? तू इथे? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. आज पिठोरी आहे ना, म्हणून आले." तिने सुंदराबाईंना हात जोडले. "बाई, तुमच्या घरात थोडी जागा द्याल का? पोराचं वाण काढायचंय. लगेच जाते."

सुंदराबाईंनी सूप बाजूला सारलं. "आमी आता ही वरतंबिरतं सोडलीत बाय. पन तुमी पोरासाटी इतक्या लांबनं आलाव, मी कशाला आडवी येऊ? बसा. ए जगदीश, तो पाट दे."

कालिंदीने मला भिंतीला टेकवलं आणि वरचं लुगडं सोडलं. पोरं माना वाकड्या करून बघायला लागली. एकजण हसला. "शरद, ही कुठली मॅडम लोकं आणलीत रे?"

शरदचे कान लाल झाले. तो तिच्याशेजारी वाकून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, अगं हे आजोबांच्या दिवाणखान्यातलं रोमचं चित्र आहे. ह्या योगिनी नाहीत."

"नसू देत. पोरं तर कडेवर आहेत ना त्यांच्या?"

शरदचं म्हणणं खरं होतं आणि कालिंदीचंही. फक्त मधला धागा कुणाला माहीत नव्हता. तो माझ्या पायाशी होता आणि सुताराने कापून टाकला होता.

तिने मला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. मग पाटावर माझ्याकडे तोंड करून बसली. खीरपुरीची थाळी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. आयुष्यात पहिल्यांदाच. तिचा चेहरा फक्त मला दिसत होता, मित्रांनो. इतकी भीती आणि इतका आनंद एका चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता.

"अतीत कोण?" तिने विचारलं.

कुंचले थांबले. दाराशी चाळीतली माणसं गोळा झाली होती. तिच्या पाठीमागे शरद उभा होता, हे मला दिसत होतं. त्याने एकदा मित्रांकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे.

"अतीत कोण?"

"अरे बोल की, पोरा," सुंदराबाई म्हणाल्या. "तोंडाला काय कुलूप लागलंय?"

शरद एक पाऊल पुढे आला. मला वाटलं, आता हा म्हणेल. कालिंदीलाही तसंच वाटलं, कारण तिने थाळी किंचित मागे झुकवली. पण त्या वयाच्या मुलाला चार मित्रांपुढे लाज वाटण्यासारखं दुसरं मोठं संकट नसतं. तो म्हणाला, "पुरे ना, मावशी. लोक बघतायत." आणि मग आणखी खालच्या आवाजात, "वाण आई काढते."

त्याने ते रागाने म्हटलं नाही. नुसती रीत सांगितली. तिलाही ती रीत ठाऊक होतीच की! पण तिचा चेहरा विझला. तिने थाळी डोक्यावरून उतरवून मांडीवर घेतली. मग दाराशी उभ्या असलेल्या चाळीतल्या मुलांना बोलावून खीरपुरी वाटून टाकली. शरदला विचारलं, "जेवतोस ना वेळेवर?" तो हो म्हणाला. तिने मला पुन्हा लुगड्यात गुंडाळलं. सुंदराबाई तिला बस-स्टॉपपर्यंत पोचवायला आल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. वाटेत सर आली. कालिंदीला मला आडोसा करण्याचं भान राहिलं नाही, आणि काचेखालून पाणी आत शिरलं. हा डाग तेव्हाचा.

घरी येऊन तिने मला खिळ्याला लावलं. त्यानंतर ती माझ्यापुढे फार वेळ उभी राहिली नाही. काच पुसेनाशी झाली. मी तिला दोष देत नाही. तिच्या मते मी तिला फसवलं होतं.

पुढे निवडणुका आल्या. शरद सभा, पत्रकं, प्रचार यांत बुडून गेला. एकदा जगदीश वाडीत येऊन सुनंदाला निरोप सांगून गेला, "शरदने सांगितलंय, निवडणूक आटपली की मावशीला भेटायला येतो. त्या दिवसाचं त्याच्या मनाला लागलंय." सुनंदाने तो आनंदाने कालिंदीला सांगितला. ती एवढंच म्हणाली, "येईल. कामात आहे तो." निवडणूक आटपली. मुंबईसाठी लढणाऱ्या समितीचा जय झाला, गुलाल उधळला गेला, मग दुसरी कामं निघाली. शरद वाईट मुलगा नव्हता, मित्रांनो. मावशी कुठे जाते, ती बोळातच आहे, असं तो धरून चालला होता.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात मुंबईत फ्लूची साथ आली. घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली. मनमोहन आजारी पडले, सुनंदा पडली. दोघांचं दुखणं कालिंदीने काढलं आणि मग ती स्वतः पडली. माझ्याखालीच तिचं अंथरूण होतं. ताप मेंदूत चढला. डॉक्टर येऊन गेले आणि मनमोहनांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. दुपारी तापाच्या ग्लानीत तिने दोन्ही हात डोक्याशी नेले, जणू काही धरलं आहे. आणि पुटपुटली, "अतीत कोण?"

सुनंदा तिचे तळवे चोळत होती. ती एकदम थांबली. मनमोहन दारात उभे होते, त्यांनीही ऐकलं. कालिंदीने पुन्हा विचारलं. सुनंदा उठली, डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मी शरदला आणायला चालले. काय बोलायचं ते परत आल्यावर बोला." मनमोहन दारातून बाजूला झाले. शरद वरळीला नव्हता, समितीच्या कामासाठी बाहेरगावी गेला होता. जगदीश त्याच्या मागावर निघाला आणि सुनंदा एकटी परत आली. संध्याकाळपर्यंत कालिंदी अधूनमधून विचारत राहिली. मग विचारेनाशी झाली. पहाटे ती गेली.

सकाळी वाडीतली माणसं जमली. तिला माझ्यासमोरच चटईवर ठेवलं होतं. भटजी आले, त्यांनी तयारी बघितली आणि विचारलं, "सासरचं कुणी आहे?"

"दीर आहेत, उरणला," मनमोहन म्हणाले. "तार करावी लागेल."

"तोवर थांबता यायचं नाही, साथीचे दिवस आहेत. मुलगाबिलगा नाहीच म्हणा त्यांना. मग अग्नी देणार कोण?"

मनमोहन चष्मा पुसायला लागले. जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"मी," दारातून आवाज आला.

सगळे वळले. शरद उभा होता. अंगावर प्रवासाची धूळ होती. त्याच्यामागे जिन्यात जगदीश धापा टाकत होता. शरद गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि तिच्या डोक्याशी येऊन थांबला.

भटजींनी त्याला ओळखलं. "तुम्ही भाचे ना त्यांचे?"

"मुलगा," तो म्हणाला. "मी तिचा मुलगा. शरदचंद्र." आणि मग सगळ्यांदेखत, वाडीदेखत, बापादेखत तो तिच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडायला लागला. "मावशी, मी आहे गं. मी आहे." पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला. माझ्या काचेत त्या दोघांचं प्रतिबिंब पडलं होतं. तो अगदी मोठ्याने बोलत होता, तरी तिला ऐकू जाणार नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं. जपा, जमलं तर. माझा डाग पुसला नाही तरी चालेल, मी कागद आहे, मला त्याचं काही वाटत नाही. पण तुमच्याही घरात एखादी मावशी असेल, आत्या असेल, काकू असेल, जिने तुम्हांला जन्म दिला नाही आणि बाकी सगळं दिलं. ती कधीतरी तुम्हांला हाक मारेल. तेव्हा ओ द्या. लोक बघत असतील, तरी द्या.